लाईन क्लियर देणाऱ्याचा अर्ज

विमान वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीसाठी बायोडाटा कसा लिहावा याचा सल्ला आज कुठेही मिळतो. बहुतेक वेळा तो विशेषणांचा सल्ला असतो : मेहनती, जबाबदार, दडपणाखाली शांत राहणारा, सर्वांना सांभाळून घेणारा. या पेशाचा इतिहास मात्र नेमका उलट दिशेने गेला आहे, आणि तो समजून घ्यायला, विमान नियंत्रण जिथे सुरू झाले त्या लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळापर्यंत जाण्याची गरज नाही. ठाणे ते कल्याण हा वीस किलोमीटरचा पट्टा पुरेसा आहे. दोन वाहने एका वेळी एका जागी येऊ नयेत म्हणून, त्यांतले एकही डोळ्यांपुढे नसताना, दुरून परवानगी देणारा किंवा नाकारणारा माणूस भारतात रेल्वेबरोबर आला. आणि देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला. या माणसाची लायकी कोणत्या कागदावरून ठरवायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

1 मे 1854 रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढच्या दहा-अकरा वर्षांत बोरघाट आणि थळघाट चढून झाले, तेव्हा कल्याणचे रूपच बदलले. पुण्याकडची आणि नाशिककडची अशा दोन्ही घाटांच्या गाड्या तिथे एकत्र येऊ लागल्या, आणि कोणती आधी सोडायची, कोणती रोखून धरायची हे ठरवणे हे तिथले रोजचे काम झाले. या कामाचा गाभा एका नियमात आहे : दोन स्टेशनांमधल्या लोहमार्गाच्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लियर’ दिल्याशिवाय मागच्याने गाडी सोडायची नाही. चालक समोर पाहतो, गार्ड मागे पाहतो. स्टेशन मास्तर जे पाहतो ते मनातल्या मनात. त्याचा एक शब्द चुकला तर त्याची किंमत दुसरेच कोणीतरी मोजते.

कंपनी सरकारच्या आणि त्यानंतरच्या काळात अशा माणसाची निवड होई ती ओळखीने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत वरच्या आणि जोखमीच्या जागा दीर्घकाळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसांसाठी राखीव असल्यासारख्या होत्या. शिकलेल्या देशी मुलांना प्रवेश मिळे तो कारकुनीत, नाहीतर तारायंत्रावर. अर्जासोबत कुणा साहेबाची चिठ्ठी, मुख्याध्यापकाचा चारित्र्याचा दाखला आणि अखेरीस ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’. एवढ्यावर माणूस पारखला जाई. त्या चिठ्ठ्या खोट्या होत्या असे नाही. पण त्या ज्या गुणांची ग्वाही देत, त्या गुणांचा गाडीच्या सुरक्षिततेशी संबंध फार थोडा होता. सच्छील, नम्र, घरंदाज मुलगा पहाटे तीन वाजता तारेवरचा संदेश अचूक ऐकेलच, हे कोणत्या साहेबाला सांगता आले असते?

याचे उत्तर रेल्वे कंपनीला मिळाले ते 1899 मध्ये, आणि तेही तिच्याच तारवाल्यांकडून. त्या वर्षी जी. आय. पी. च्या सिग्नलरांनी संप केला. पगाराबरोबर कामाचे तास आणि कामाची एकूण परिस्थिती हे त्यांचे गाऱ्हाणे होते. टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्यांची बाजू लावून धरली, फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी सभा आणि वर्गणी यांत भाग घेतला. कामगार चळवळीच्या इतिहासात या संपाची नोंद घेतली जाते ती योग्यच आहे. माझ्या मते त्याचा आणखी एक अर्थ आहे. तासांची मागणी करणारा सिग्नलर सांगत होता की दक्षता हा काही जन्मजात स्वभाव नव्हे. ती झोपेवर, पाळीवर आणि बदली माणूस वेळेवर येण्यावर अवलंबून असते. 1981 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विमान नियंत्रकांनी संप केला तेव्हा आठवड्याचे तास कमी करा ही त्यांच्याही मुख्य मागण्यांपैकी एक होती. अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक जणांना एका फटक्यात काढून टाकले. दोन देश आणि मध्ये ब्याऐंशी वर्षे, पण मुद्दा एकच होता. ‘दक्ष’ हे विशेषण अर्जात लिहून उमेदवार ज्याची हमी देतो, ती हमी त्याच्या एकट्याच्या हातात नसतेच.

मग विश्वास ठेवायचा कशावर? रेल्वेने याचे उत्तर अर्जात नव्हे, कामाच्या टेबलावर शोधले. स्टेशन मास्तरपुढची गाड्यांची नोंदवही जवळून पाहण्यासारखी असते. लाईन क्लियर कधी मागितली, कधी मिळाली, गाडी कधी सुटली, कधी पोहोचली, या प्रत्येकासाठी वेगळा रकाना, आणि त्यात मिनिटापर्यंतची वेळ. नोंद शाईने करायची. खाडाखोड चालत नाही, खोडरबर तर नाहीच. चुकले तर जुना आकडा वाचता येईल अशी एक रेघ त्यावर मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. शिवाय प्रायव्हेट नंबर. परवानगी देणारा मास्तर आपल्याजवळच्या कागदावरचा पुढचा आकडा सांगतो, घेणारा तो टिपून ठेवतो, म्हणजे ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हे म्हणण्याची सोय दोघांनाही उरत नाही. या वहीत स्वतःबद्दल चांगले लिहायला जागाच नाही. तरीही चांगला मास्तर कोण हे तिच्यातून जितके कळते तितके कुठल्याच दाखल्यातून कळत नाही, आणि झालेली चूक न लपवता दुरुस्त करणे हा त्यातला सर्वांत मोठा गुण आहे.

भरतीची पद्धत हळूहळू याच वळणावर आली. 1925 मध्ये जी. आय. पी. सरकारी व्यवस्थापनाखाली गेली. 1945 मध्ये मुंबईत रेल्वे सेवा आयोग आला, ज्याचे नाव 1985 पासून रेल्वे भरती मंडळ झाले. ओळखीच्या जागी परीक्षा आली, चांगल्या नजरेच्या दाव्याजागी रंग ओळखण्याची चाचणी आली, ‘तल्लख’ या शब्दाच्या जागी अभिक्षमता चाचणी आली. भुसावळच्या प्रशिक्षण संस्थेतून मास्तर बाहेर पडतो तो सक्षमता प्रमाणपत्र घेऊन, आणि त्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. एकदा लायक ठरला म्हणून माणूस कायमचा लायक, असे ही यंत्रणा मानत नाही.

आकाशातल्या नियंत्रणाने हाच वारसा उचलला. जुहूचा विमानतळ 1928 चा, जे. आर. डी. टाटा 1932 च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. कल्याणजवळ नेवाळीलाही दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी झाली.  युद्धानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने परवाने, वैद्यकीय पात्रता आणि बोलण्याची ठरीव भाषा यांचे नियम घालून दिले. ते पुढे कडक होत गेले ते अपघातांमुळे. 1977 मध्ये तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून 583 माणसे गेली. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349. दोन्हीकडे सांगितलेले आणि समजलेले यांतले अंतर जीवघेणे ठरले. त्यानंतर ‘इंग्रजी उत्तम’ हा शेरा निरुपयोगी झाला. सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर किमान चौथी पायरी लागते, आणि चौथ्या पायरीवरच्याला ठरावीक काळाने पुन्हा तपासून घ्यावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भारतीय विमानतळ प्राधिकरणात ही भरती ऑनलाईन परीक्षेने होते, मग बायोडाटाचे महत्त्व ते काय? पण परीक्षेनंतर कागदपत्रांची पडताळणी, आवाजाची चाचणी, अमली पदार्थांची चाचणी, मानसशास्त्रीय मूल्यमापन आणि वैद्यकीय तपासणी असते. अर्जातली प्रत्येक ओळ तिथे कुणीतरी मूळ कागदाशी ताडून पाहतो, आणि जी ओळ ताडता येत नाही तिचा उपयोग शून्य. आखातात किंवा इतरत्र जाऊ पाहणाऱ्या अनुभवी नियंत्रकाला तर बायोडाटा लागतोच, आणि तिथेही कोणत्या विमानतळावर, कोणत्या कामाचे रेटिंग, कधीपासून, भाषेची पातळी कोणती, वैद्यकीय प्रमाणपत्र कधीपर्यंत, हेच आधी पाहिले जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शांतपणा, सहकाऱ्याशी जुळवून घेणे, वेळीच ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्य हे गुण खरे आहेत, आणि ते आकड्यांत मावत नाहीत. मला हे मान्य आहे. मात्र मावत नाहीत म्हणून ते उमेदवाराने स्वतःच्या तोंडून सांगावेत, हे त्यातून निघत नाही. ते प्रशिक्षकाच्या अहवालात दिसतात, पाळीतल्या वरिष्ठाच्या शेऱ्यात दिसतात, मुलाखतीत विचारलेल्या एखाद्या अडचणीच्या उत्तरात दिसतात. जुन्या चिठ्ठीचा दोष ती दुसऱ्याने लिहिलेली होती हा नव्हता. लिहिणाऱ्याने उमेदवाराला काम करताना पाहिलेले नव्हते, हा होता.

राहता राहिला नवखा. डोंबिवलीत भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीकडे नोंदवही कुठली असणार? तिच्याकडे विषयवार गुण आहेत, वर्षे आहेत, बोलता येणाऱ्या भाषा आहेत, आणि मधले एखादे वर्ष परीक्षेच्या तयारीत गेले असेल तर तेही आहे. ते झाकण्यापेक्षा तसेच लिहिलेले बरे, कारण तारखांमधली फट पडताळणी करणाऱ्याला आधी दिसते. आणि अर्ज करणारा आधीच कल्याण किंवा दिव्यासारख्या जंक्शनवर स्टेशन मास्तर असेल, तर ‘प्रचंड दडपणाखाली काम केले’ यापेक्षा कोणते जंक्शन, कोणत्या पाळ्या, सक्षमता प्रमाणपत्राची तारीख आणि शेवटच्या उजळणी प्रशिक्षणाचा महिना या चार गोष्टी त्याने लिहाव्यात. दडपण किती होते, हे त्यावरून वाचणाऱ्याला आपोआप समजते.