भिंतीपलीकडचा बॉल



आपल्या मैदानाची मागची भिंत आठवते? पलीकडे झोपडपट्टी होती. बॉल तिकडे गेला की आपण भिंतीवर चढून ओरडायचो, "फेक बे!" तिकडची पोट्टी आधी त्याला दोन लाथा मारून घ्यायची, मग परत करायची. त्यांना कधी कोणी आत बोलावलं नाही. मी तर संघाचा कॅप्टन होतो, मीही नाही.

ही भिंत आज आठवली ती विजय बारसे सरांमुळे. ते आपल्या शाळेचे नव्हेत, हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या सुमारास भर पावसात वस्तीतली मुलं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. आपल्याच नागपुरात. अशी दृश्यं आपणही शेकड्यानं पाहिली असतील. सरांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. खेळात असेपर्यंत ही मुलं भांडणं आणि व्यसनं विसरतात, एवढंच त्यांचं साधं निरीक्षण. पुढे त्यांनी फक्त वस्त्यांसाठी स्पर्धा भरवली. नावही सरळ, 'झोपडपट्टी फुटबॉल'. १२८ संघ उतरले! आपल्या वेळी आंतरशालेय स्पर्धेला डझनभर संघ जमवताना सरांच्या नाकी नऊ यायचे.

निवृत्तीचे पैसे त्यांनी शहराबाहेर जागा घेण्यात घातले. (घरच्यांना काय वाटलं असेल, हे आपल्या वयात आलेल्यांना सांगायला नको.) मुलगा अभिजीत अमेरिकेतून परत येऊन याच कामात पडला. 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ च्या 'झुंड'मधले अमिताभ बच्चन म्हणजे हेच सर, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

सिनेमापेक्षा मला अखिलेश पॉलची गोष्ट मोठी वाटते. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला हा नागपूरचा मुलगा २०१० साली रिओ दि जानेरोत बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कप्तान होता. त्या स्पर्धेचा एक विचित्र नियम आहे : खेळाडूला जन्मात एकदाच खेळता येतं. म्हणजे परत आल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. अखिलेश प्रशिक्षक झाला आणि वस्तीतल्या मुलांना शिकवू लागला. बॉल कोणीही देईल; परत आलेल्या मुलाला पुन्हा मैदानावर उभं करणं, तेही प्रशिक्षक म्हणून, हे सरांचं खरं काम.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. भिंत आता उंच झाली आहे, वर काचा लावल्या आहेत. रविवारी मैदान रिकामं असतं आणि फाटकाला कुलूप. किल्ली कोणाकडे असते, हे संमेलनाच्या दिवशी मी मुख्याध्यापकांना विचारणार आहे. सोबत दोघे-तिघे या. बॉल मी आणतो.