वेस्ट पॉइंटची खुर्ची, अ‍ॅनापोलिसची खुर्ची

मंडळी, आजचा विषय आपल्या नेहमीच्या वाटेवरचा नाही. गड नाही, लढाई नाही, आपली एखादी पलटणही नाही. पण मुक्काम आपल्याच देशातला आहे, आणि जे कधीतरी ऑपरेशन रूमच्या टेबलाशी बसले असतील त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

सप्टेंबर 2018. रानीखेतच्या वर चौबटिया. भारत आणि अमेरिकेच्या सैन्यांचा 'युद्ध अभ्यास' चालू होता आणि मी तिथे समन्वयाच्या कामाला होतो. 23 तारखेला रविवार. पहाटे पाचच्या सुमाराला चहासाठी लंगरकडे गेलो, तर कोपऱ्यातल्या बाकावर एक अमेरिकन कॅप्टन घोंगडी पांघरून मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेला. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं असेल. विचारलं, तर म्हणाला, "सर, आर्मी ओक्लाहोमाशी खेळते आहे. आणि आम्ही अजून सामन्यात आहोत!"

आर्मी म्हणजे वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांचा फुटबॉल संघ. फुटबॉल म्हणजे त्यांचा तो अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचा खेळ. ओक्लाहोमा तेव्हा देशात पाचव्या क्रमांकावर. त्यांचा क्वार्टरबॅक कायलर मरे पुढे त्याच वर्षी हाइझमन करंडक घेऊन गेला. अशा संघाला वेस्ट पॉइंटच्या पोरांनी 21-21 वर रोखलं आणि जादा वेळेत 28-21 ने सामना गमावला. पण कॅप्टन मला पुन्हा पुन्हा वेगळाच आकडा सांगत होता. साठ मिनिटांच्या खेळात जवळजवळ 45 मिनिटं चेंडू आर्मीच्या हातात होता. मरेला चेंडूच मिळाला नाही, तर तो करणार काय?

मी विचारलं, ही करामत कोणाची? त्याने हेड कोच जेफ मंकन यांच्याआधी ब्रेंट डेव्हिस हे नाव घेतलं. हुद्दा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर.

हा हुद्दा आपल्या भाषेत सांगतो. हेड कोच म्हणजे कमांडर. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणजे त्याचा ब्रिगेड मेजर, पण फक्त चढाईपुरता. बचावासाठी असाच दुसरा माणूस असतो. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि प्रत्येक प्रयत्न म्हणजे अकरा जणांची एक छोटी, ठरवून केलेली मोहीम. कोणती मोहीम कधी काढायची, हे बहुतेक संघांत हा माणूस ठरवतो. यश आलं की फोटो कमांडरचा. अपयश आलं की चौकशी याची.

त्या दिवसापासून मला या खेळापेक्षा या हुद्द्याचाच नाद लागला. मिळेल तसं वाचत, पाहत गेलो. त्यातही दोनच जागांबद्दल: वेस्ट पॉइंटची आणि अ‍ॅनापोलिसची. एक लष्कराची अकादमी, दुसरी नौदलाची. दोघांचा पहिला सामना 1890 साली वेस्ट पॉइंटच्या मैदानावर झाला आणि नौदलाने तो 24-0 असा जिंकला. लष्कराचा संघ उभा करणारा कॅडेट डेनिस मिकी पुढे 1898 मध्ये क्युबात सान हुआन टेकडीच्या लढाईत मारला गेला. वेस्ट पॉइंटचं स्टेडियम त्याच्याच नावाचं आहे.

आपल्याकडे असं वैर का नाही, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर खडकवासल्यात आहे. आपले तिन्ही दलांचे कॅडेट एनडीएत तीन वर्षं एकाच मेसमध्ये जेवतात. तिथे वैर असतं ते स्क्वाड्रनचं. नौदलात गेलेला माझा दोस्त आजही मला स्क्वाड्रनवरूनच टोमणे मारतो, गणवेशावरून नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत पुढच्या फळीतले गडी तीनशे पौंडांचे, म्हणजे 136 किलोंचे असतात. सैनिकी अकादमीत असा देह भरती करून सांभाळणं कठीण, कारण त्याला शेवटी धावायचं असतं, वजनाच्या नियमात बसायचं असतं आणि पदवीनंतर किमान पाच वर्षं नोकरी करायची असते. व्यावसायिक खेळाडू होण्याचं स्वप्न घेऊन येणारा मुलगा इथे सहसा येत नाही. तेव्हा या दोन खुर्च्यांवर बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं की आपली माणसं लहान आहेत आणि समोरची मोठी.

यावरचा उतारा म्हणजे ट्रिपल ऑप्शन. कॅप्टनने तो मला लंगरच्या टेबलावर मीठदाणी, चहाचे मग आणि उकडलेली अंडी मांडून समजावला. क्वार्टरबॅक चेंडू घेतो. पहिला पर्याय, सरळ मधून घुसणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी चेंडू सोपवायचा. समोरच्या बचावातला एक गडी मुद्दाम न अडवता मोकळा सोडलेला असतो. तो फुलबॅकवर झेपावला, तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरच्या अंगाने पळायचं. पुढे दुसरा एक गडी असाच मोकळा सोडलेला. तो क्वार्टरबॅकवर आला, तर बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे चेंडू फेकायचा. म्हणजे शत्रूचे दोन धिप्पाड गडी हात न लावता बाद, आणि आपली वाचलेली दोन माणसं दुसरीकडे मोकळी. शत्रूने काय केलं ते पाहून मगच आपण ठरवायचं. हे ऐकून मला आपल्या मावळ्यांची आठवण आली नसती तरच नवल. पण ती तुलना ताणत नाही, कारण हा खेळ तालमीवर चालतो. तेच ते चार-पाच डाव हजारदा घोटायचे, चूक होणार नाही इतके.

नौदलात ही विद्या रुजवली पॉल जॉन्सन यांनी. ते 1995 मध्ये अ‍ॅनापोलिसला आले ते हेड कोच म्हणून नाही, तर ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून. 1996 च्या मोसमात नौदलाने नऊ सामने जिंकले आणि होनोलुलूत अलोहा बोलही मारला. लगेच जॉन्सन दुसरीकडे हेड कोच झाले. त्यांची खुर्ची केन नियुमाटालोलो यांना मिळाली. ते हवाईत जॉन्सन यांच्याच हाताखाली क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले. दोन मोसमांनंतर हेड कोचशी जमेना, म्हणून त्यांना नारळ मिळाला. पुढे नौदलाची घसरण अशी, की 2001 मध्ये दहापैकी दहा सामने हरले. 2002 मध्ये जॉन्सन हेड कोच होऊन परतले आणि येताना काढून टाकलेल्या नियुमाटालोलोंना बरोबर घेऊन आले. त्या वर्षी दोनच सामने जिंकले, पण त्यातला एक लष्कराविरुद्ध, 58-12.

लष्कराची गोष्ट नेमकी उलटी. तिथे जिम यंग यांनी 1984 मध्ये विशबोन, म्हणजे ऑप्शनचाच थोरला भाऊ, आणला आणि वेस्ट पॉइंटला पहिल्यांदा बोल सामना दाखवला. 2000 मध्ये नव्या हेड कोचने ती पद्धत मोडीत काढली. आधुनिक व्हायचं, इतरांसारखं चेंडू फेकत खेळायचं ठरलं. 2003 चा हिशेब: तेरा सामने, तेरा पराभव. आपण जे नाही ते होऊ पाहणाऱ्या युनिटचं काय होतं, हे मी आपल्याकडेही पाहिलंय. पण तो वेगळा लेख.

2002 ते 2015, सलग चौदा वर्षं नौदल जिंकत राहिलं. माझा कॅप्टन 2012 च्या तुकडीचा. चारही वर्षं त्याने हारच पाहिली. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहतात. आधी हरलेल्या अकादमीचं गीत, तिच्या कॅडेटांसमोर. मग जिंकलेल्या अकादमीचं. त्यामुळे तिथे 'जिंका' असं म्हणत नाहीत, 'दुसरं गा' म्हणतात. कॅप्टन म्हणाला, "मी चार वर्षं पहिलं गायलो आणि मग गप्प उभा राहून त्यांचं ऐकलं." 2014 मध्ये मंकन वेस्ट पॉइंटला आले. ते स्वतः जॉन्सन यांच्याच हाताखाली अ‍ॅनापोलिसला घडलेले. म्हणजे शत्रूच्याच दारूखान्यातून दारूगोळा आणला! डेव्हिस त्यांचे कोऑर्डिनेटर. 2016 मध्ये 21-17 ने साखळी तुटली.

आता दोन खुर्च्यांची तुलना. कोणती बरी? वेस्ट पॉइंटला परंपरा मोठी. 1949 ते 1953 व्हिन्स लोम्बार्डी तिथे कर्नल रेड ब्लेक यांचे साहाय्यक होते. कोऑर्डिनेटर हे पदनाव तेव्हा रूढ नव्हतं, पण चढाईच्या फळीची तालीम त्यांच्याकडे होती. सामन्यांच्या फिल्मा घेऊन ते न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मॅकआर्थरना दाखवायला जात. आज व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोच्च करंडक लोम्बार्डींच्या नावाचा आहे. पण त्याच काळात, 1951 मध्ये, परीक्षेतल्या कॉपीच्या प्रकरणात सुमारे 90 कॅडेट काढले गेले. त्यांत फुटबॉल संघाचे पुष्कळ, आणि ब्लेक यांचा स्वतःचा मुलगाही. संघ जवळपास रिकामा झाला. लोम्बार्डींनी उरलेल्यांना घेऊन पुन्हा उभारणी केली. माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण तिथेच झालं.

पण ब्लेक काय किंवा मंकन काय, वेस्ट पॉइंटला छाप हेड कोचची. कोऑर्डिनेटरला सावलीत राहणं भाग. अ‍ॅनापोलिसची खुर्ची हेड कोच होण्याची पायरी ठरली, जॉन्सन आणि नियुमाटालोलो दोघांसाठी. महत्त्वाकांक्षी माणसाने ती घ्यावी, असं मी एकेकाळी म्हटलं असतं. मग 2021 आलं.

11 सप्टेंबर 2021 ला नौदल घरच्या मैदानावर वायुदलाकडून 23-3 असं हरलं. आयव्हिन जॅस्पर 2008 पासून कोऑर्डिनेटर होते. त्यांच्याच काळात कीनन रेनॉल्ड्सने कारकिर्दीत 88 टचडाउन केले होते. मोसमाचे दोनच सामने झालेले असताना अकादमीच्या क्रीडा संचालकांनी त्यांना काढलं. हेड कोच नियुमाटालोलो वरिष्ठांकडे गेले आणि दोन दिवसांत जॅस्परना परत आणलं. कोऑर्डिनेटर म्हणून नाही, क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक म्हणून. डाव ठरवण्याची जबाबदारी नियुमाटालोलोंनी स्वतःवर घेतली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं कारण सांगतो. फार वर्षांपूर्वी एका मोठ्या सरावात कालवा ओलांडण्याची योजना मी लिहिली होती. पुलाच्या वेळेचा हिशेब माझा चुकला. रणगाडे आणि गाड्या पहाटेपर्यंत अलीकडच्या तीरावर अडकून राहिल्या. योजनेवर सही वरिष्ठांची होती, दोन ठिकाणी वेळ कमी करायलाही त्यांनीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मला ऑपरेशन रूममधून काढून वाहनांच्या मोजणीवर पाठवलं. हिशेब चुकला होता हे खरंच, ते मी नाकारत नाही. पण माझ्या वतीने वर कोणी गेलं नाही. नियुमाटालोलो गेले, कारण 1998 साली त्याच खुर्चीवरून त्यांना स्वतःला काढलेलं होतं. निदान मला तरी तसंच वाटतं.

शेवटी दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी संकट आलं ते नियमपुस्तकातून. लहान गड्याने मोठ्याला पायाशी आडवं करायचं, तो कट ब्लॉक, 2022 पासून मैदानाच्या मधल्या पट्ट्याबाहेर बंद झाला. ऑप्शनचं निम्मं हत्यार गेलं. त्या डिसेंबरात लष्कराने दुहेरी जादा वेळेत 20-17 असा सामना जिंकला आणि नियुमाटालोलोंची नोकरी गेली. जिंकलेल्या बाजूचे डेव्हिसही नऊ मोसमांनंतर गेले, कारण मंकनना नवी पद्धत हवी होती. 2023 मध्ये लष्कराने नवा कोऑर्डिनेटर आणला, क्वार्टरबॅकला मागे उभा केला, आणि एलएसयूकडून 62-0 असा मार खाल्ला. मोसम संपायच्या आतच जुनी मांडणी परत आली. नवा माणूस एका वर्षात गेला आणि जागा घरच्याच कोडी वर्ली यांना मिळाली. नौदलानेही दोन वर्षांत दोन माणसं बसवली, दुसरे ड्रू क्रोनिक.

2024 मध्ये दोघेही पहिल्या वर्षाचे. लष्कराने बारा सामने जिंकले, नौदलाने दहा. लष्कराने आपल्या गटाचं विजेतेपदही घेतलं, आणि आठवड्याभरात नौदलाकडून 31-13 असा पराभव पत्करला.

कॅप्टन आता मेजर आहे. त्या रात्री त्याचा संदेश आला, एकाच ओळीचा: "सर, पहिलं गायलो." मी विचारलं, मग आता वर्लींना काढतील का? त्याने लिहिलं, "अकरा सामने जिंकून देणाऱ्याला कोण काढेल?" आणि थोड्या वेळाने, "तरी सांगता येत नाही."