अर्धशिशी: 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' या वाक्याचा इतिहास

आजच्या एपिसोडमध्ये लढाया नाहीत, तह नाहीत, राजेरजवाडे तर अजिबात नाहीत. आज डोकेदुखीचा इतिहास. हसू नका. आवाज जरा कमी ठेवा, कारण ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला आत्ता या क्षणी ती चालू असेल.

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री आमचा रिलीज होता. साडेदहाच्या सुमाराला माझ्या स्क्रीनवर, कोडच्या बरोब्बर मधे, एक चमकणारा ठिपका दिसायला लागला. मी मॉनिटर पुसला. ठिपका तिथेच. शेजारच्या मॉनिटरकडे पाहिलं, तर तिकडेही. भिंतीकडे पाहिलं, भिंतीवरही! हळूहळू तो पसरत अर्धगोल झाला. कडेला करवतीसारखे लुकलुकणारे दाते, आणि आतल्या भागात काहीच नाही. म्हणजे काळं सुद्धा नाही, तेवढी जागाच गायब. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आपोआप साफ झालं. मला वाटलं, सुटलो. आणि मग डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली. पुढचे दोन दिवस मी पडदे ओढलेल्या खोलीत, उशाशी बादली घेऊन पडून होतो.

सोमवारी सीटी स्कॅन केला. रिपोर्ट नॉर्मल. "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका," असं ऐकून घरी आलो. ऑफिसात विचारणा झाली, "डोकंच दुखत होतं ना फक्त?" आणि आई फोनवर एका वाक्यात म्हणाली, "अर्धशिशी आहे ती बाळा, माझ्याकडून आलीय तुला."

आईचं निदान बरोबर होतं. मशीनला जे दिसलं नाही ते तिला फोनवर कसं कळलं, या प्रश्नातून हा एपिसोड सुरू झाला.

आधी त्या करवतीच्या दात्यांबद्दल. मी गूगलवर शोधत होतो तेव्हा एक चित्र समोर आलं आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. माझा ठिपका! जसाच्या तसा! चित्र १८७० सालचं. काढणारा ह्युबर्ट एअरी नावाचा इंग्लिश डॉक्टर. त्याचे वडील जॉर्ज एअरी हे ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ, आणि त्यांनाही हाच त्रास. म्हणजे बापलेक दोघेही आपल्याच डोक्यातलं आकाश निरखत बसलेले. ह्युबर्टने तो ठिपका कसा जन्मतो, कसा पसरतो, हे टप्प्याटप्प्याने रंगवून ठेवलं. त्याला त्यात बुरुज असलेल्या किल्ल्याची तटबंदी दिसली, म्हणून त्याने ग्रीक भाषेतून 'तट दिसणे' अशा अर्थाचं नावही दिलं. आज डॉक्टर याला ऑरा म्हणतात. मायग्रेन असलेल्या सगळ्यांना ऑरा येत नाही, बहुतेकांना येतच नाही.

पण दुखणं १८७० चं नाही. खूप जुनं आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितलेत, त्यातला एक अर्धावभेदक. अर्ध्या डोक्यात भोसकल्यासारखी कळ, चक्कर, आणि ते अचानक दहा दिवसांनी किंवा पंधरवड्याने परत येतं, असं वर्णन आहे. चरकसंहितेत कारणांची यादी आहे: कोरडं अन्न, आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणं, नैसर्गिक वेग दाबून ठेवणं, अति श्रम. लंच मीटिंगमधे काढून बाथरूमला जायचं पण टाळणाऱ्या आयटीवाल्यांनी ही यादी पुन्हा एकदा ऐकावी. तिकडे साधारण त्याच सुमाराच्या रोमन जगात अरेटियस नावाचा वैद्य लिहून ठेवतो की या रोग्यांना उजेड सहन होत नाही, अंधारात बरं वाटतं. त्याच्यानंतर गेलनने वापरलेला ग्रीक शब्द म्हणजे 'हेमिक्रेनिया', अर्धी कवटी. तो घासून घासून फ्रेंचमधे 'मायग्रेन' झाला. म्हणजे आपली अर्धशिशी आणि त्यांचं मायग्रेन, शब्दाचा अर्थ एकच. दोघांनी एकमेकांना न विचारता पेशंटचं बोलणं ऐकून ठेवलेलं नाव.

आता मला एका बाईंपाशी थोडं थांबायचंय. अ‍ॅन कॉनवे. जन्म १६३१, इंग्लंड. बाराव्या वर्षी तापाचं मोठं आजारपण झालं आणि त्यानंतर डोकेदुखी मागे लागली ती मरेपर्यंत. घर श्रीमंत, त्यामुळे उपचार करायला कोण यावेत? रक्ताभिसरण शोधणारे विल्यम हार्वे. मेंदूच्या शरीररचनेवरचं त्या काळातलं सर्वात मोठं नाव थॉमस विलिस. पाऱ्याची औषधं झाली, त्यांनी जीवच जायची वेळ आली. कवटीला भोक पाडावं असाही सल्ला मिळाला. बाई त्यासाठी १६५६ साली पॅरिसला गेल्या सुद्धा! तिथे कवटी वाचली, पण त्याऐवजी धमन्या उघडून रक्त काढलं. १६६६ मधे आयर्लंडहून एक हात फिरवून बरे करणारे गृहस्थ बोलावले, त्यांचाही उपयोग नाही. विलिसने १६७२ च्या पुस्तकात त्यांची केस नाव न देता लिहिली आहे.

आणि या सगळ्यात, पलंगावर पडून, त्यांनी तत्त्वज्ञानाचं एक पुस्तक लिहिलं. ते १६९० मधे, त्या गेल्यावर अकरा वर्षांनी छापलं गेलं, तेही लेखिकेच्या नावाशिवाय. लाइबनित्झने, म्हणजे कॅल्क्युलसवाल्याने, त्यांच्या विचारांचं कौतुक केलंय. डोकेदुखी असलेल्या बाईला 'हिला काम नको असतं' म्हणणाऱ्या प्रत्येक घराला मला हे सांगावंसं वाटतं. आमच्याही घराला. आजी आईबद्दल बोलायची, "सण आला की हिचं डोकं आलंच." सणाला पहाटे चारला उठणं, उपास, दिवसभर चुलीपाशी, झोप नाही, मग डोकं येणारच ना! झोप मोडणं आणि जेवणाची वेळ चुकणं, दोन्ही मायग्रेनला निमंत्रण देतात. आजीचं निरीक्षण अचूक होतं, निष्कर्ष चुकला.

हीच चूक मोठमोठ्या डॉक्टरांनीही केली. राय नावाच्या धान्यावर एक बुरशी येते, अरगट. मध्ययुगात ती भाकरीतून पोटात जाऊन गावंच्या गावं आजारी पडत, हातपाय काळे पडून झडत, कारण ती रक्तवाहिन्या आवळते. १९१८ मधे स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत आर्थर स्टॉलने तिच्यातून एर्गोटामाइन वेगळं काढलं, आणि पुढच्या काही वर्षांत ते मायग्रेनवर वापरात आलं. १९३८ मधे न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड वुल्फने सहकाऱ्याबरोबर दाखवलं की हे औषध दिल्यावर कानशिलावरच्या धमनीचे ठोके मंदावतात आणि दुखणंही उतरतं. झालं, ठरलं: रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखतं. हा सिद्धांत पुढे कितीतरी दशकं चालला. आम्ही डेव्हलपर लोक असंच करतो. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर चाललं, म्हणजे बग सर्व्हरमधेच होता!

वुल्फने आणखी एक गोष्ट केली, ती जास्त त्रासदायक. मायग्रेनवाल्या माणसाचा स्वभावच ठरवून टाकला. महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर. वुल्फला स्वतःला मायग्रेन होतं, हे विशेष. पण त्यामुळे झालं काय, की दुखण्याचा दोष हळूच दुखणाऱ्याच्या स्वभावावर गेला. 'टेन्शन घेऊ नका'चं मूळ इथे आहे असं माझं मत.

खरा धागा सापडला तो मात्र दुसरीकडे, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. कार्ल लॅशली हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्याला ऑरा यायचा. ऑरा आला की हा पठ्ठ्या कागद घेऊन बसायचा आणि ठिपका किती मिनिटांनी कुठे पोचला ते काढत राहायचा. त्यावरून त्याने १९४१ मधे हिशोब मांडला: मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. तीनच वर्षांनी, १९४४ मधे, हार्वर्डमधे शिकणारा ब्राझीलचा अरिस्टिडीझ लिआओ सशांच्या मेंदूवर अपस्माराचा अभ्यास करत होता. त्याला वेगळंच दिसलं. मेंदूची विद्युत हालचाल एका जागी शांत होते, आणि ती शांतता लाटेसारखी पसरत जाते. वेग? मिनिटाला तेवढेच, काही मिलिमीटर.

दोन्ही पेपर छापलेले, दोन्ही उपलब्ध, आणि जोडायला चौदा वर्षं लागली! १९५८ मधे पीटर मिल्नरने एका छोट्याशा टिपणात म्हटलं की अहो, हे दोन वेग जुळतायत. मिल्नर मूळचा इंजिनियर होता, हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे २००१ मधे ही लाट चालत्या ऑरात माणसाच्या मेंदूवर एमआरआयमधे टिपली गेली. त्यातल्या एकाला व्यायामाने ऑरा यायचा, म्हणून तो बास्केटबॉल खेळून मशीनमधे शिरला होता. मग माझा स्कॅन नॉर्मल का? कारण बिघाड मेंदूच्या रचनेत नाही, चालण्यात आहे. बंद गाडीचा फोटो काढून इंजिन कधी गचके देतं ते कळत नाही.

वेदनेचं कोडं अजून राहिलं होतं. १९९० मधे पीटर गोड्सबी आणि लार्स एडव्हिन्सन यांनी अर्धशिशी चालू असताना पेशंटच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं, तर त्यात सीजीआरपी नावाचं रसायन वाढलेलं. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूतून ते सुटतं. म्हणजे सगळा दोष रक्तवाहिन्यांचा नव्हता. त्या रसायनाचा रस्ता अडवणारं पहिलं इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मधे मंजूर झालं, महिन्यातून एकदा घ्यायचं. मधल्या काळात १९९१ मधे सुमाट्रिप्टान आलं होतं. रोखणाऱ्या औषधांत प्रोप्रॅनोलॉल तर छातीदुखीसाठीचं. १९६६ मधे एका हृदयाच्या पेशंटने सांगितलं की डॉक्टर, या गोळीने माझी अर्धशिशीच थांबली. ऐकून घेतलं म्हणून औषध सापडलं.

आजही मायग्रेन ठरवायची रक्ततपासणी नाही. १९८८ मधे आंतरराष्ट्रीय निकष छापले गेले, ते आजही पेशंटच्या सांगण्यावरच चालतात. किमान पाच वेळा झालंय का, औषधाशिवाय ४ ते ७२ तास टिकतं का, एका बाजूला आहे का, ठणकतं का, जिना चढल्यावर वाढतं का, मळमळतं का, उजेड-आवाज नकोसा होतो का. तपासण्या असतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. आणि हे मात्र लक्षात ठेवा: एका क्षणात विजेसारखी आलेली भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, डोक्याला मार, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं असेल, तर पॉडकास्ट बंद करून हॉस्पिटल गाठा.

आता आईकडे येतो. माझं निदान झाल्यावर मी तिला ओढून न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. तोवर कपाळाला सुंठेचा लेप, डोक्याला घट्ट फडकं, आणि मेडिकलमधून आणलेली गोळी. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकू, महिन्यातून किती दिवस दुखतं?" आई म्हणाली, "असतं मधूनमधून." "आणि गोळ्या किती?" "लागतील तशा."

दुसऱ्या वेळी ती पिशवीत चार वर्षांची कालनिर्णय घेऊन आली. कपाटामागे ठेवलेली. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशोब, एक लिटर, दीड लिटर, आणि काही चौकटींत बारीक फुली. फुली म्हणजे डोकं. फुलीखाली टिंब म्हणजे गोळी. घरात कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी लॉग वाचून पगार घेतो.

डॉक्टरबाईंनी पानं उलटत टिंबं मोजली. शेवटच्या काही महिन्यांत अठरा, एकोणीस. तेव्हा कळलं की साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्याच डोकेदुखी वाढवू शकतात. एर्गोटामाइन असलेल्या मिश्र गोळ्या आपल्याकडे अजून मिळतात. आईच्या डब्यात त्याच होत्या. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या बंद केल्या, रोखणारं औषध सुरू केलं. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. बाबांनी स्वयंपाक केला, खारट केला.

आता महिन्याला तीन-चार फुल्या असतात. परवा घरी गेलो तेव्हा भिंतीवरचं पान पाहिलं. दूधवाल्याचे पैसे हल्ली यूपीआयने जातात, त्यामुळे लिटरचे आकडे नाहीत. फुल्या मात्र आहेत, आणि एका फुलीशेजारी बाबांच्या अक्षरात लिहिलंय: 'रात्री जागरण, लग्न.'