बेन सिराच्या पोथीची कुळकथा

जेरुसलेमच्या बेन सिराने इ.स.पू. १८० च्या सुमारास आपल्या शिकवणुकीची पोथी हिब्रूत लिहिली. मित्र कसा पारखावा, परक्या पंगतीत कसं वागावं, जामीन राहताना काय बघावं, वैद्याला मान का द्यावा, असा सगळा संसार तिच्यात आहे. शेवटी त्याने स्वतःचं नावही घातलं आणि माझ्या मते तेच नडलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते दानीएलचं पुस्तक या पोथीनंतर पुरं झालं. पण त्यावर जुन्या द्रष्ट्याचं नाव होतं, म्हणून ते हिब्रू धर्मग्रंथांत गेलं. बेन सिरा मात्र कालपरवाचा माणूस ठरला.

त्याचा नातू इ.स.पू. १३२ मध्ये इजिप्तला आला आणि पुढे आजोबांची पोथी त्याने ग्रीकमध्ये आणली. तीच ख्रिस्ती लोकांकडे पोचली. कॅथलिक बायबलात ती आजही आहे. रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मपंडितांचा, निवाडा असा की ही पोथी ‘हात विटाळत नाही’. पवित्र ग्रंथाच्या स्पर्शाने हात विटाळतात अशी त्यांची रीत. म्हणजे ही पोथी पवित्र नव्हे. तरी तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, रब्बीच तिची वचनं सांगतात, एके ठिकाणी तर थेट धर्मग्रंथातलं वचन म्हणून! ज्यांनी तिला बाहेर ठेवलं त्यांनाही ती सोडवली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे मात्र हिब्रू मूळ दिसेनासं झालं.

१८९६ साली अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी पूर्वेकडे विकत घेतलेलं एक पान बेन सिराच्या हिब्रू पोथीतलं असल्याचं केंब्रिजमध्ये अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी ओळखलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात शेख्टर कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये गेले. देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, म्हणून तिथे जीर्ण कागद शतकानुशतकं एका कोंदट खोलीत टाकलेले होते. बायकांच्या सज्जातून शिडी लावायची आणि भिंतीतल्या भोकातून आत शिरायचं. तिथल्या धुळीतून आलेले सुमारे १,९३,००० तुकडे आज केंब्रिजमध्ये आहेत आणि त्यांत बेन सिराची आणखी पानं निघाली.

ती मध्ययुगीन होती. मागाहून कुणी भाषांतरावरून परत हिब्रू केलं असेल, असा संशय काहींनी घेतला. १९६४ मध्ये पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांना मसाडाच्या किल्ल्यात, रोमनांनी तो घेण्याआधीची, म्हणजे मध्ययुगाच्या कितीतरी आधीची, पोथीची चामड्याची गुंडाळी सापडली. तिचा मजकूर कैरोच्या पानांशी बराचसा जुळला आणि तो संशय मावळला.

आज जवळजवळ दोन-तृतीयांश हिब्रू हाती आहे. उरलेल्या भागासाठी अजून नातवाच्या ग्रीकवर आणि जुन्या सिरियाक भाषांतरावरच भिस्त ठेवावी लागते.