जर्नलिंग फाइल सिस्टीममधील मेमरी-दोषांचे डीबगिंग

जर्नलिंग फाइल सिस्टीममधील मेमरी-दोषांचे डीबगिंग : डिस्कवर होऊ घातलेल्या बदलांची आगाऊ नोंद ठेवणारा जो भाग कर्नलमध्ये असतो, त्यातील मेमरीच्या चुका हुडकून दुरुस्त करण्याचे काम. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणे, एकच तुकडा दोनदा मोकळा करणे, हद्दीबाहेर लिहिणे, भरण्यापूर्वीच वाचणे आणि घेतलेली मेमरी परत न करणे, हे यातले नेहमीचे दोष. पुढील विवेचन लिनक्स कर्नलपुरते आहे.

व्यापारी व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो. जर्नलचे काम याच चालीचे. मध्येच वीज गेली तर पुढच्या माउंटच्या वेळी पूर्ण झालेल्या नोंदी पुन्हा चालवल्या जातात, अर्धवट टाकून दिल्या जातात. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी-२ या फाइल सिस्टीमसाठी ही योजना मांडली. तिच्यातून आलेली ईएक्सटी-३ नोव्हेंबर २००१ मध्ये मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. ईएक्सटी-४ चे जर्नल ‘जेबीडी-२’ हा स्वतंत्र थर सांभाळतो. एक्सएफएस मूळची सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची. १९९४ पासून त्या कंपनीच्या आयरिक्स या प्रणालीवर वापरात असलेली ही फाइल सिस्टीम नंतर लिनक्सवर आली आणि येताना स्वतःचा लॉग घेऊन आली.

मेमरीच्या चुका कर्नलमध्ये सगळीकडेच होतात, कारण तो मुख्यतः सी भाषेत आहे. जर्नलमध्ये त्या विशेष चिवट ठरतात याचे कारण तेथे एखाद्या वस्तूचे आयुष्य नेमके कधी संपते हे एका नजरेत कळत नाही. प्रोग्रॅम चालू ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र नोंदल्या जाणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात, बदल घालत असतात. त्याच वेळी वेगळा कर्नल थ्रेड, नेहमीच्या मांडणीत सुमारे दर ५ सेकंदांनी, ते ट्रान्झॅक्शन बंद करून डिस्कवर उतरवतो, म्हणजेच कमिट करतो. एकच बफर जुन्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिला जात असतो आणि नव्यात बदलला जात असतो. त्यासाठी जुन्या मजकुराची गोठवलेली प्रत वेगळी ठेवावी लागते. कोण कोणाला धरून आहे याचा हिशेब संदर्भ-गणकांवर आणि लॉकवर चालतो. हा हिशेब चुकला, की यंत्र कोसळते ते बहुधा भलत्याच ठिकाणी.

२०२२ मध्ये जेबीडी-२ मध्ये दुरुस्त झालेला एक दोष या प्रकाराचा उत्तम नमुना आहे. चालू ट्रान्झॅक्शनमधील सगळे बदल आटोपेपर्यंत थांबण्याचा कोड एका सामाईक फंक्शनमध्ये गोळा करण्यात आला होता. फंक्शन लॉक धरून ट्रान्झॅक्शनचा पॉइंटर घेई, बदल बाकी असतील तर लॉक सोडून झोपी जाई आणि उठल्यावर पुन्हा लॉक धरून तोच पॉइंटर तपाशी. मधल्या वेळात कमिट करणारा थ्रेड ते ट्रान्झॅक्शन पूर्ण करून त्याची मेमरी मोकळी करू शकत होता. दुरुस्ती मोजक्या ओळींची : पॉइंटर जपून ठेवायचा नाही, लॉक परत मिळाल्यावर दर वेळी जर्नलकडूनच ‘चालू ट्रान्झॅक्शन कोणते’ हे विचारायचे. कोड नीटनेटका करताना हा दोष शिरला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लॉक सुटला की आधी वाचलेले सगळे शिळे झाले असे धरून चालणे, हाच या क्षेत्रातील खरा नियम म्हणावा लागेल.

एक्सएफएसमध्ये २०२० साली सुधारलेला दोष लॉग पुन्हा चालवण्याच्या टप्प्यातला होता. अर्धे राहिलेले काम पुढे ढकलताना कोड इनोडचा (फाइलची माहिती ठेवणाऱ्या वस्तूचा) पॉइंटर जवळ ठेवत असे. पण लगेच ट्रान्झॅक्शन कमिट करून त्या इनोडवरील आपला हक्क सोडून देत असे. ढकललेले काम हाती घेईपर्यंत मेमरी परत मिळवणाऱ्या यंत्रणेने इनोड मोडीत काढला असेल, तर हाती कचरा येई. हा मार्ग अपघातानंतरच्या माउंटमध्येच चालतो, म्हणून रोजच्या वापरात असा दोष वर्षानुवर्षे दडून राहू शकतो.

शोधाचे सर्वांत जुने साधन म्हणजे खुणेचे बाइट. डीबग पर्याय चालू असता मेमरी-वाटप करणारा ‘स्लब’ मोकळ्या तुकड्यात हेक्स ६बी हा बाइट भरतो आणि तुकड्याच्या कडेला राखीव पट्टा ठेवतो. कोसळल्याच्या अहवालात ६बी६बी६बी६बी असा पत्ता दिसला, की मोकळ्या मेमरीतून वाचलेला पॉइंटर वापरला गेला हे जाणकार लगेच ओळखतो. ती मेमरी कोणी मोकळी केली हे मात्र या खुणेवरून कळत नाही.

ती उणीव ‘केसॅन’ने भरून काढली. २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आलेल्या या साधनाच्या मूळ प्रकारात दर ८ बाइटांमागे १ बाइटाची सावली-मेमरी असते आणि कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाआधी ती तपासण्याचा कोड घालतो. मोकळा तुकडा काही काळ विलगीकरणात ठेवला जातो, म्हणजे तो लगेच दुसऱ्याच्या हाती जाऊन पुरावा पुसला जात नाही. अहवालात वापर कोठे झाला, वाटप कोठे झाले आणि मोकळीक कोठे झाली, असे तीन कॉल-मार्ग मिळतात. नवशिका पहिल्या मार्गावर डोळे खिळवून बसतो. जर्नलच्या दोषांत तिसरा अधिक बोलका असतो. पण वापर आणि मोकळीक या दोन्हींतला कोड स्वतंत्रपणे बरोबर असून त्यांचा क्रमच चुकलेला असणे, हेही वारंवार आढळते.

केसॅन मेमरी आणि वेग दोन्ही खातो, म्हणून तो चाचणीच्या यंत्रावर शोभतो. चालत्या सर्व्हरसाठी २०२१ मधील ५.१२ पासून ‘केफेन्स’ आहे; तो अधूनमधून एखादेच वाटप पहाऱ्यात घेतो. गळतीसाठी ‘केमेमलीक’. न भरलेली मेमरी वाचणारा कोड पकडणारे ‘केएमसॅन’ २०२२ अखेरीस ६.१ मध्ये आले. फाइल सिस्टीमच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे : न भरलेले बाइट डिस्कवर गेले, तर कर्नलच्या मेमरीतला मजकूर कायमचा बाहेर पडतो.

दोष पुन्हा घडवून आणणे हे निम्मे काम. त्यासाठी क्यूईएमयूमधील आभासी यंत्रावर ‘एक्सएफएसटेस्ट्स’ हा चाचणी-संच चालवतात; नाव काहीही असले तरी तो संच ईएक्सटी-४ आणि बीटीआरएफएसवरही चालतो. कर्नलमधील डिव्हाइस-मॅपर या थराच्या साहाय्याने मध्येच डिस्क ‘बिघडवली’ जाते, मेमरी-वाटप मुद्दाम फसवले जाते, कारण त्रुटी हाताळणारे मार्ग सर्वांत कमी चाललेले असतात. गूगलचा ‘सिझबॉट’ हा आपोआप चाचण्या घेणारा बॉट मोडक्यातोडक्या डिस्क-प्रतिमा माउंट करूनही दोष काढतो. अशा प्रतिमा प्रत्यक्षात कोण माउंट करणार, असा काही देखभालकर्त्यांचा वैताग असतो. तो अगदीच अनाठायी नाही, पण कोणीही यूएसबी ड्राइव्ह खोचू शकतो त्या यंत्रांना तो युक्तिवाद लागू पडत नाही.

छापील संदेश घालून माग काढण्याची सवय येथे दगा देते. संदेश छापण्यात जाणारा वेळ थ्रेडांचा क्रम बदलतो आणि दोष नाहीसा होतो. म्हणून हलके ट्रेसपॉइंट वापरतात. शिवाय ज्या फाइल सिस्टीमचे जर्नल कोसळले तिच्यावरच सिस्टीमच्या लॉग फाइली असतील, तर शेवटचा अहवाल डिस्कवर पोहोचतच नाही. तो सीरियल कन्सोलवर पकडावा लागतो.

चेकसमवर भिस्त ठेवण्यालाही मर्यादा आहे. चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणी-संख्या, डिस्कवर बिघडलेला ब्लॉक ओळखतो. पण ब्लॉक मेमरीतच बिघडला आणि त्यानंतर चेकसम काढला गेला, तर चुकीच्या मजकुरावर बरोबर शिक्का बसतो. कर्नल सुधारला तरी अशी नोंद आपोआप दुरुस्त होत नाही. ईएक्सटी-४ साठी ‘ई-टू-एफएससीके’ आणि एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस-रिपेअर’ हे प्रोग्रॅम अनमाउंट केलेल्या डिस्कवर चालवावे लागतात. लॉग शिल्लक असेल तर एक्सएफएस-रिपेअर काम नाकारते आणि आधी माउंट करायला सांगते. माउंटच होत नसेल तर लॉग पुसण्याचा पर्याय आहे, पण त्यात न चालवलेल्या नोंदी गमावल्या जातात.