तांबडी झिलई आणि विजेची भट्टी

गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. संतमेळ्यांत मुक्ताबाईंनीं विचारलें, यांतलें भाजलेलें मडकें कोणतें व कच्चें कोणतें? तेरच्या त्या कुंभारानें एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारून पाहिलें आणि नामदेव तेवढे कच्चे ठरविले. पुढें नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व तेथें पक्के झाले, अशी परंपरा आहे. नामदेवांचें नरसी व हें औंढें, दोन्ही गांवें १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यांतच होतीं. तेव्हां मडकें पक्कें कशानें होतें, हा प्रश्न परभणीकरांस परका नाहीं. आज आम्हांस त्याची एक लौकिक बाजू पाहावयाची आहे. मातीच्या भांड्यावर तांबडी झिलई कशी चढते, आणि जेथें धूरही नाहीं व ज्वाळाही नाहीं अशा विजेच्या भट्टींत ती चढूं शकते काय?

आपल्या साध्या मडक्याचा तांबडेपणा लोखंडाचा आहे. मातींत व गेरूंत लोह असतें. आव्यांत हवा खेळती असली म्हणजे त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन मडकें तांबडें निघतें. आवा झांकून धूर कोंडला म्हणजे तेंच काळें निघतें. दख्खनच्या प्राचीन कुंभारांस हे दोन्ही वायु एकाच भांड्यावर राबवितां येत. डॉ. सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत नेवासें येथें केलेल्या उत्खननांत आंतून काळीं व बाहेरून तांबडीं अशीं खापरें सांपडलीं. भांडें पालथें घालून भाजलें, कीं तोंडाकडे हवा पोंचत नाहीं व बुडाकडे ती मोकळी मिळते. या युक्तीनें तीं होत, असें बहुतेक जाणकार मानतात. रंग केवळ मातींत नसून वाऱ्यांतही आहे, हें त्या निनांवी कारागिरांनीं ओळखलें होतें.

परंतु ही झिलई नव्हे. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली कांच. लोखंड या कांचेंत मिसळलें तर सहसा मधासारखा, तपकिरी किंवा काळा रंग येतो. रक्तासारखा तांबडा रंग हवा असेल तर तांबें घ्यावें लागतें, आणि तांबें मोठें लहरी! भरपूर हवेंत तें झिलईस हिरवी करतें. हवा आंखडून धूर कोंडला, म्हणजे धुरांतील कर्बवायु तांब्याचा प्राणवायु हिरावून घेतो व धातूचे अतिसूक्ष्म कण कांचेंत उरून ती तांबडी दिसते. चीनमध्यें मिंग घराण्याच्या श्वेन्-दे बादशहाच्या कारकीर्दींत (१४२६–१४३५) ही कला कळसास पोंचली. पुढें ती लोपत गेली, आणि खांग्-शी बादशहाच्या काळीं (१६६२–१७२२) तिचा पुन्हा उद्धार झाला. फ्रेंच रसिकांनीं त्या रंगास ‘बैलाचें रक्त’ असें नांव दिलें.

एवढी मोठी विद्या मध्येंच लोपते कशी? याचें एक उत्तर इंग्लंडच्या इतिहासांत सांपडतें. विल्यम हाउसन टेलर यानें आपल्या ‘रस्किन’ कारखान्यांत, जो १८९८ सालीं स्थापन झाला होता, या जातीच्या अप्रतिम झिलया साधल्या. परंतु १९३५ सालीं मरण्यापूर्वीं त्यानें आपलीं टिपणें नष्ट केलीं. विद्या त्याच्याबरोबर गेली.

आतां विजेची भट्टी घ्या. तींत तारा तापतात. जळत कांहींच नाहीं. म्हणून हवेंत प्राणवायु भरपूर राहतो व तांबें हिरवें होतें. आंत मुद्दाम धूर केला तर तारांवरील संरक्षक पापुद्रा झिजून त्यांचें आयुष्य घटतें. ही अडचण अमेरिकेंतील बॅग्ज व लिटलफील्ड या दोघांनीं सोडविली व १९३२ सालीं आपली रीत छापून प्रसिद्ध केली. भट्टीभर धूर कशाला? धुराचें काम करणारा पदार्थ झिलईंतच कालवावा! तो पदार्थ म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. शेंकडा अर्ध्या भागाच्या आसपास त्याची अगदीं बारीक पूड पुरते. भांडें तापलें म्हणजे तींतील कर्ब तांब्याचा प्राणवायु ओढून घेतो. थोडें कथिलाचें भस्मही साहाय्य करतें. पूड जाड राहिली तर मात्र झिलईंत फोड उठतात. गंमत अशी, कीं हा पदार्थ ॲचेसन यास १८९१ सालीं सांपडला तो चिकणमाती व कोक विजेनें तापवितांनाच! म्हणजे विजेनें जो धूर भट्टींतून घालविला, तोच तिनें पुडीच्या रूपानें परत आणून दिला.

कोणी म्हणतील, हा तांबडेपणा खोटा आहे. ज्वाळेची लीला त्यांत नाहीं. ज्वाळेनें भाजलेल्या भांड्यावर रंगाच्या ज्या अनपेक्षित छटा उठतात, त्या येथें कमी दिसतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तांबें तेंच, कांच तीच, आणि प्राणवायु हिरावला जाण्याची क्रियाही तीच. मग खोटें तें काय राहिलें? कॅडमियम व सिलेनियम यांचे तयार भडक रंगही मिळतात. पण कॅडमियम विषारी असल्यामुळें जेवणाच्या भांड्यास ते जपूनच वापरावे लागतात. तांब्याची वाट कष्टाची खरी, परंतु ती जुन्या विद्येचीच वाट आहे.

आमच्या मतें जुनें व नवें हा येथें खरा भेद नव्हेच. टेलरची ज्वाळा अस्सल होती, पण त्याची रीत त्याच्याबरोबर विझली. बॅग्ज व लिटलफील्ड यांची वीज कोरडी खरी, पण त्यांची रीत आज कोणाही कुंभाराच्या मुलास शिकतां येईल, मात्र ती कोणी त्यास त्याच्या भाषेंत सांगितली पाहिजे. हें सांगण्याचें ऋण आम्हां शिकलेल्यांवर आहे, आणि तें आम्हीं फारसें फेडलेलें नाहीं. गोरोबांनीं मडक्यास, तूं कोणत्या आव्यांतून आलास, असें विचारलें नव्हतें. त्यांनीं थापटणें मारलें आणि नाद ऐकला.