विकतची गाडी, स्वतःची चॅसी

१९६६ साली फॉर्म्युला वनमधील इंजिनांची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली. १९६७ मध्ये कॉसवर्थचे डीएफव्ही इंजिन आले; सुरुवातीला ते केवळ लोटसला मिळे, १९६८ पासून इतरांनाही मिळू लागले. त्याच वर्षी ब्रँड्स हॅच येथे रॉब वॉकर यांच्या खासगी संघाने ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. गाडी लोटसची, चालक जो सिफर्ट. विकतच्या गाडीने कारखान्यांच्या संघांना हरवावे, हे आज अशक्यच. कारण १९८०च्या दशकापासून प्रत्येक संघाला चॅसी स्वतःची लागते. इंजिन मात्र आजही विकत घेता येते. २००८ मध्ये उतरलेल्या आपल्या फोर्स इंडियाने हाच मार्ग धरला: इंजिन आधी फेरारीचे, २००९ पासून मर्सिडीजचे. २०१४ मध्ये १.६ लिटरचे हायब्रिड टर्बो इंजिन सक्तीचे झाले, तेव्हाही संघ टिकला. २०१६ आणि २०१७ मध्ये तो चौथा आला. २०१८ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला, तो पैशांअभावी.